घरात गालिचा नाही, तरी गालिच्याचा भुंगेरा: दर वर्षी परत येणारी केसाळ अळी

जळगावात आमच्या घरी तीन वर्षं सलग एकच त्रास चालू होता. थंडी संपली, स्वेटर-शाली धुऊन परत दिवाणात टाकायला काढल्या की कुठेतरी भोकं निघायची, एखाद्या शालीची किनार कुरतडलेली, आणि दिवाणाच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा लहान अशी तपकिरी केसाळ अळी. दर वर्षी मी दिवाण रिकामा करायचे, फवारा मारायचे, डांबरगोळ्या टाकायचे, चार-पाच महिने शांतता आणि मग परत तेच. चौथ्या वर्षी हे नेमकं कुठून येतंय ते सापडलं आणि तेव्हापासून कपड्याला एक भोक नाही. ज्यांच्याकडे हाच प्रकार चालू असेल त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, कारण मला त्या वेळी कोणी नीट सांगितलंच नाही. दुकानदाराने ढेकणाचं औषध दिलं, पेस्ट कंट्रोलवाल्याने किचनमध्ये झुरळांचं जेल लावून पैसे घेतले, आणि शेजारच्या वहिनी म्हणाल्या कसर लागलीय, ऊन दाखवा.

आपल्याकडे कपड्याला किंवा पुस्तकाला काहीही लागलं की कसर म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण कसर या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळे किडे येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. चंदेरी, चपटी, सरसर पळणारी, शेपटीला तीन दोरे असलेली दिसली तर ती कागद, खळ, स्टार्च खाणारी, ती ओलाव्याला येते. भिंतीवर सिमेंटच्या रंगाची चपटी छोटी पिशवी चिकटलेली असते आणि तिच्यातून बारीक तोंड बाहेर काढून काहीतरी सरकत असतं, ते एका पतंगाचं पिल्लू. लोकरीवर जाळ्यासारखे रेशमी धागे दिसले तरी पतंगच. पण जाळं नाही, पिशवी नाही, नुसती भोकं, आणि आसपास हलक्या पोकळ केसाळ साली पडलेल्या, तर तो गालिच्याचा भुंगेरा, इंग्रजीत ज्याला कार्पेट बीटल म्हणतात. त्या साली म्हणजे अळीने टाकलेली कात, अळी मोठी होताना बरेचदा कात टाकते, म्हणून पंधरा साली दिसल्या म्हणजे पंधरा अळ्या असं समजून घाबरू नका, पण एकही साल दिसली तर दुर्लक्षही करू नका.

अळी ४ ते ५ मिलिमीटर, अंगावर फिकट-गडद पट्टे, मागच्या बाजूला केसांचे झुबके, आणि हात लावला की ते झुबके पिसाऱ्यासारखे उघडते. मोठा भुंगेरा मात्र अगदी वेगळा दिसतो, २-३ मिलिमीटरचा गोल ठिपका, काळ्यावर पांढरे-पिवळसर डाग, लांबून बघितला तर मोहरीच्या दाण्याएवढा, आणि तो कपड्यात नाही तर खिडकीत सापडतो. मला दोन वर्षं कळलंच नव्हतं की खिडकीच्या चौकटीत मरून पडलेले हे ठिपके आणि दिवाणातली केसाळ अळी हा एकच प्राणी आहे. मी खिडकीतले झाडून टाकायचे आणि दिवाणात औषध मारायचे, दोन्हींचा संबंधच लावला नाही.

हा संबंध कळला की पुढचं सगळं कळतं म्हणून जरा थांबून सांगते. मोठा भुंगेरा तुमचे कपडे खातच नाही, तो फुलांवर जाऊन पराग आणि मध खातो, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांवर तर हमखास. आमच्या गच्चीवर कुंडीतली कोथिंबीर फुलावर आली की तिच्या फुलांवर हेच ठिपके मी नंतर कितीतरी वेळा बघितले. मादी अंधाऱ्या जागी, पिल्लांना खायला मिळेल अशा ठिकाणी अंडी घालते आणि त्यानंतर तिला उजेडाची ओढ लागते, म्हणून ती खिडकीकडे येते. म्हणजे खिडकीत दिसलेल्या मादीने बऱ्याचदा अंडी आधीच घालून झालेली असतात, तिला मारून फारसा फायदा नाही, पण ती खिडकीत दिसली याचा अर्थ घरात किंवा घराला लागून कुठेतरी अळ्यांची जागा आहे. अळीचं आयुष्य मात्र लांब, खायला कसं मिळतं आणि हवा कशी आहे त्यावर काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सुद्धा जातं, आणि हा सगळा काळ ती फटीत, अंधारात. फवारा मारल्यावर चार महिने शांत आणि परत सुरू, याचं कारण हेच, औषध लागतं ते बाहेर दिसणाऱ्यांना, फटीत आत बसलेल्यांना नाही.

आता ही अळी खाते काय. लोकर, पिसं, केस, कातडं, शिंग, रेशीम, आणि मेलेले वाळलेले किडे. केस आणि पिसं ज्या केरॅटिनची बनतात ते पचवणं भल्याभल्या प्राण्यांना जमत नाही, त्याच्या रेणूंमध्ये गंधकाचे घट्ट टाके असतात, ते या अळीच्या पोटात सुटतात. तिचं निसर्गातलं कामच ते आहे. रानात एखादा पक्षी मेला की मांस मुंग्या, माश्या, कावळे संपवतात, पण मागे राहिलेली पिसं, वाळलेली कातडी, केस यांचं काय, ते या भुंगेऱ्यांच्या कुळातले किडे साफ करतात. याच कुळातल्या एका मोठ्या भावाला तर म्युझियममध्ये मुद्दाम पाळतात, मेलेल्या प्राण्याचा सांगाडा त्यांच्या पेटीत ठेवला की हाडाला इजा न करता वाळलेलं मांस खाऊन सांगाडा लख्ख करून देतात, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये सुद्धा असे भुंगेरे कामाला ठेवलेले आहेत. मी स्वतः बीएस्सीला झूलॉजी घेतलं होतं आणि आमच्या लॅबमध्ये टाचणीला लावलेल्या फुलपाखरांच्या पेट्या होत्या, काही पेट्यांत फुलपाखराच्या खाली बारीक पिठासारखी भुकटी पडलेली असायची आणि सर म्हणायचे, भुकटी दिसली म्हणजे आत खाणारा बसलाय. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६१ मध्ये यातल्या एका जातीला नावच म्युझियमवरून दिलं, म्युझिओरम. इतकं शिकूनही घरातला दिवाण बघताना ते आठवलं नाही याचं वाईट वाटतं, कारण तोपर्यंत सासऱ्यांची घोंगडी गेली होती.

ती घोंगडी साक्रीकडून आणलेली, काळी, जाड, सासरे रात्री शेतात पाणी द्यायला जाताना अंगावर घ्यायचे. ते गेल्यावर सासूबाईंनी ती दिवाणात सगळ्यात खाली जपून ठेवली. जपून ठेवली हेच तिला नडलं, हलवली नाही, उघडली नाही, अंधार, अंगाच्या घामाचा वास तसाच. तिसऱ्या वर्षी उघडली तर घडीवरून आरपार भोकं, आणि सासूबाई काही न बोलता ती मांडीवर घेऊन बसल्या. त्यानंतर मी ठरवलं की नुसतं मारायचं नाही, मुळात कुठून येतात ते शोधायचं.

आणि शोधायचं म्हणजे काय शोधायचं, तर कपडे नाही, मढी शोधायची. घरात किंवा घराच्या अंगाला कुठे मेलेलं, वाळलेलं, पिसाचं, केसाचं काही पडलंय का. आमच्याकडे काय काय निघालं ते सांगते, तुमच्याकडे यातलं निम्मं तरी निघेल.

सगळ्यात मोठी जागा निघाली कूलर. खान्देशात कोणाचं घर कूलरशिवाय नाही, आणि बहुतेकांचा कूलर खिडकीबाहेर अँगलवर कायमचा बसवलेला असतो, मार्च ते जून चालतो आणि उरलेले आठ-नऊ महिने ताडपत्री टाकून तसाच पडून. आमच्या बेडरूमच्या खिडकीला कूलरभोवती प्लायवूड लावून फटी बुजवलेल्या, त्याच खिडकीला लागून दिवाण. त्या वर्षी गवताच्या जाळ्या बदलायला धुळ्याकडचा एक मुलगा आला होता, त्याने मागची जाळी काढली आणि म्हणाला, ताई, आठे त होलानं घरटं शे. म्हणजे इथे होल्याचं, कबुतरासारख्या लहान पक्ष्याचं, घरटं आहे. घरटं एकावर एक केलेलं, खाली पिसांचा थर, विष्ठा, आणि एक वाळून गेलेलं पिल्लू. त्या पिल्लावर आणि पिसांत केसाळ अळ्या, अक्षरशः चिमटीने उचलाव्यात इतक्या. प्लायवूड आणि चौकटीमध्ये बोटभर फट होती, तिथून सरळ घरात रस्ता. दर मार्चला आम्ही कूलर चालू करायला प्लायवूड हलवायचो आणि दर मार्चला माझ्या खिडकीत ठिपके यायचे.

एक मात्र सांगते, घरट्यात अंडी किंवा जिवंत पिल्लं असतील तर हात लावू नका, पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा आणि मगच काढा. काढताना तोंडाला मास्क, आणि आधी पाणी शिंपडून ओलं करून मगच उचला, वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीत जाणं फार वाईट. खराट्याने कोरडं झाडू नका. मग फट सिलिकॉनने बुजवा, मागच्या बाजूला बारीक जाळी लावा.

दुसरी जागा ट्यूबलाइट आणि पीओपीच्या आतली पट्टी. पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर पंखवाल्या वाळव्या उजेडावर येतात, पंख गळतात, मरतात, आणि पीओपीच्या खोबणीत वर्षभर साचतात. आमच्या हॉलच्या खोबणीतून मूठभर निघाले. तिसरी, कुंभारीण माशीची मातीची घरं, पडद्याच्या पाइपमागे, जुन्या फोटोच्या मागे. ती माशी आपल्या पिल्लासाठी आत कोळी भरून ठेवते, त्यातलं उरलेलं सगळं या अळीचं जेवण. कोळ्याची जाळी सुद्धा तशीच, त्यात लटकलेले किडे खायला अळ्या येतात. मागच्या बाल्कनीत गिझरच्या मागे एक वाळलेली पाल निघाली.

आणि एक जागा अशी जी कोणाच्या डोक्यात येत नाही. सासूबाई विंचरल्यावर निघालेले केस गुंडाळून एका पिशवीत जमवतात, दारावर केसांवर भांडी देणारी बाई येते ना, तिच्यासाठी. ती पिशवी कपाटाच्या वर, दोन वर्षांची. उघडली तर आत अळ्या नाहीत पण कात भरपूर. त्यांना मी बंद करा म्हटलं नाही, त्या केसांवर त्यांनी स्टीलची किती पातेली घेतलीत, फक्त झाकणाचा घट्ट डबा दिला आणि दर सहा महिन्यांनी रिकामा करायचं ठरवलं.

घरात भजनाची पेटी, मृदंग, ढोलकी असेल तर तेही बघा. माझ्या माहेरी चोपड्याकडे भजनी मंडळाची पेटी होती, सुरांच्या पट्ट्यांखाली जे लोकरीचं फेल्ट असतं ते खाल्लं गेलं होतं आणि एक सूर हात न लावता वाजत राहायचा, दुरुस्तीवाल्याने उघडल्यावर कळलं. पेटी, मृदंग वापरात असतात तोवर काही होत नाही, सप्ताह झाला आणि वर्षभर कापडात बांधून ठेवली की लागतं.

काही जणांना आधी कपड्याची भोकं नाही तर अंगाला खाज दिसते. माझ्या मुलीच्या पोटरीवर लाल पुळ्या यायच्या, आम्ही ढेकूण समजून गादी उन्हात टाकली, फटी तपासल्या, ढेकूण एकही नाही. ही अळी चावत नाही. तिच्या अंगावर भाल्यासारखे टोकदार बारीक केस असतात, ते सुटतात आणि मुंग्यांसारख्या शत्रूला अडकवतात, तेच केस चादरीत राहिले की काहींच्या कातडीला खाज सुटते. म्हणून ढेकूण सापडत नाही, रक्ताचे डाग नाहीत आणि खाज आहे, तर पलंगाखाली केसाळ काती शोधा. पुळ्या वाढत असतील तर डॉक्टरांना दाखवा आणि हे त्यांना सांगा.

आता कपड्यांचं. ही अळी कापूस खात नाही, म्हणून घरात कापूस भरून ठेवलाय त्याचं काय होईल अशी काळजी करू नका, आणि गोधडीला सहसा लागत नाही. पण सुती कपड्यावर घाम, तूप, वरणाचा डाग असेल तर तेवढा डाग खाताना सूत पण कुरतडते. म्हणून ठेवणीतला कोणताही कपडा धुतल्याशिवाय ठेवायचा नाही, एकदा घातलेली पैठणी सुद्धा नाही, काखेपाशी आणि पदराला घाम-जेवण लागलेलं असतं. ती ड्रायक्लीनला द्या, ड्रायक्लीनमध्ये अंडी-अळी सगळं मरतं.

लोकरीला गरम पाण्यात घालता येत नाही, आटते. इथे आपल्या खान्देशाचं ऊन कामाला येतं पण ते वापरायची पद्धत आहे. दोरीवर नुसतं वाळत घातलं तर अळ्या उजेडापासून पळून घडीत शिरतात किंवा खाली पडून परत फटीत जातात, अंडी तशीच. अळी आणि अंडं दोन्ही मारायला कपड्याच्या आतपर्यंत ५५ अंशांच्या पुढे तापमान दोन-तीन तास टिकलं पाहिजे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात हवाच ४४-४५ असते, मग काळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घोंगडी पातळ घडी करून घालायची, तोंड घट्ट बांधायचं आणि गच्चीवर पत्र्यावर दुपारी १२ ते ५ ठेवायची, मध्ये एकदा उलटायची, असं लागोपाठ दोन दिवस. मी आत थर्मामीटर ठेवून बघितलं, दुपारी दीडला ६० च्या पुढे गेला होता. जाड घोंगडीचा मधला भाग हळू तापतो म्हणून घडी मोठी करू नका. जरी, मेण, चिकटवलेलं काम असलेली वस्तू अशी तापवू नका, तिला डीप फ्रीझर. उणे १८ अंशांवर दोन आठवडे, पिशवीतली हवा काढून, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला आल्यावरच, नाहीतर कपड्यावर पाणी सुटतं.

डांबरगोळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, वापरू नका. त्यांची वाफ बंद डब्यात दाट साठली तरच किड्याला बाधते, दिवाणात किंवा उघड-झाक होणाऱ्या कपाटात नुसता वास राहतो. आणि लहान बाळाच्या कपड्यांत तर अजिबात नको, काही बाळांच्या रक्तात एक एन्झाइम जन्मतः कमी असतं, डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनने त्यांच्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ होते. कडुलिंबाचा पाला मी दोन वर्षं ठेवला, पाल्याचा चुरा झाला, अळ्या होत्याच. फवारा मारायचाच असेल तर मोकळ्या फरशीवर मारून उपयोग नाही, पलंगाच्या सांध्यात, स्कर्टिंगच्या फटीत, कपाटाच्या मागे, आणि तोही सगळी मढी काढून झाल्यावर. आधी फवारा आणि मग सफाई हा उलटा क्रम आहे, आम्ही तीन वर्षं तोच केला. व्हॅक्यूम असेल तर फटींमधून आठवड्याला एकदा फिरवा आणि पिशवी लगेच बाहेर टाका, नसेल तर ओल्या फडक्याने पुसा.

एक वेगळी गोष्ट, केसाळ अळी कपड्यात नाही तर गव्हाच्या कोठीत सापडली तर हे सगळं तुम्हाला लागू नाही. तो याच कुळातला खापरा भुंगेरा, तो धान्य खातो, उष्ण आणि कोरड्या हवेत फोफावतो म्हणजे आपल्याकडे हवा तसा, आणि त्याची अळी भिंतीच्या फटीत काही न खाता वर्ष-दोन वर्षं सहज काढते. कोठी रिकामी करून धुऊन परत भरली तरी येतो तो त्यामुळे. त्याला कोठीच्या भोवतालच्या फटी बुजवाव्या लागतात, भिंतीपासून कोठी लांब घ्यावी लागते, आणि धान्य कडक वाळवून भरावं लागतं. अळी केसाळ आहे एवढ्यावर दोन्ही एकच समजू नका.

आमच्याकडे आता वर्षातून दोनदा बघतो. एकदा मार्चमध्ये कूलर उघडताना, आणि एकदा श्रावणात कानबाईच्या सणाआधी, कारण तेव्हा घर धुऊन-पुसून निघतंच, भांडी-अंथरुणं सगळी बाहेर येतात, त्यातच दिवाण पूर्ण रिकामा करून घड्या बदलतो. घडी बदलणं महत्त्वाचं आहे, ही अळी न हललेल्या जागीच टिकते. कूलर जूनमध्ये बंद केला की आता आत काढून ठेवतो, जागा अडते पण होला बसत नाही. यंदा मार्चमध्ये खिडकीत तीन ठिपके मिळाले, तिन्ही बाहेरच्या जाळीवर. सासऱ्यांच्या घोंगडीचा मधला चांगला राहिलेला भाग कापून सासूबाईंनी त्याचं आसन शिवून घेतलंय, ते रोज पूजेला वापरात असतं, त्यामुळे त्याची काळजी उरली नाही.